खाऱ्या टँकला व्हिनेगर? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठतो तो) उतरवायला काही लोक घरच्या समुद्री टँकमध्ये चक्क व्होडका नाहीतर व्हिनेगर टाकतात आणि त्याला कार्बन डोसिंग म्हणतात. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की गप्पीवाल्यांना नि गोल्डफिशवाल्यांना यावेळी थांबा म्हणावं लागतंय. बरेचसे प्रश्न एकाच वळणाचे होते, त्यातले निवडक घेतले. नावं काढलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (रत्नागिरी): सर, माझा २०० लिटरचा रीफ टँक (कोरलचा, म्हणजे प्रवाळांचा) दीड वर्षाचा झाला. सॉफ्ट कोरल, झोआ, एक हॅमर हे प्रवाळ, दोन क्लाउन, एक गोबी हे मासे. स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) चांगला आहे. नायट्रेट ५०, फॉस्फेट ०.१५. दर पंधरा दिवसांनी २० टक्के वॉटर चेंज करतो तरी आकडा तिथंच. टँकचं मीठ आता परवडत नाही. व्होडका टाकू की व्हिनेगर, आणि किती? पाणी घरच्या विहिरीचं, किचनमधल्या आरओचं. विहिरीमागे आमचीच आंब्याची बाग आहे. खायला रोज कोळंबीचा खिमा देतो.

उत्तर: किती टाकायचं ते सांगतो, पण आधी जरा हिशोब करू, कारण अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ५० वर असताना २० टक्के पाणी बदललंत की आकडा ४० वर यायला हवा आणि पंधरा दिवसांनी तो परत ५० दिसतो, म्हणजे तुमच्या टँकमध्ये पंधरवड्याला १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) भर पडतेय, दिवसाला ०.७ च्या आसपास. ही भर कुठून येतेय ते न बघता बाटली उघडली तर आयुष्यभर बाटल्याच आणत बसाल.

माझा पहिला संशय विहिरीवर. बागेला खत पडतं, घराचा शोषखड्डा पण कुठेतरी जवळच असणार, जांभ्याच्या जमिनीतून पाणी झरझर खाली जातं आणि त्याबरोबर नायट्रेट पण जातो, तो मातीला धरून राहत नाही. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडे ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत नायट्रेट चालतो, म्हणजे माणसाला बिनधास्त असलेलं पाणी रीफला चालेलच असं नाही. तुम्ही म्हणाल आरओ आहे ना, पण किचनच्या बऱ्याच मशीनमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा एक व्हॉल्व्ह असतो, आणि कोकणातल्या विहिरींचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मुळात कमी असल्यामुळे बसवणारा माणूस तो सढळ हाताने उघडून जातो. टीडीएस मीटरवर ४० दिसलं की आपण खूश, पण त्या ४० मध्ये २० नायट्रेटच असू शकतो की, मीटर काय फोड करून सांगत नाही. तेव्हा आधी आरओच्या नळाखालचं पाणी नायट्रेट किटने तपासा, किट गोड्या पाण्यालाही चालणारं घ्या.

समजा तिथं २० निघाला. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या २०० लिटरच्या टँकमधून दिवसाला ३ लिटर पाणी आरामात उडतं. पाणी उडतं, नायट्रेट मागे राहतो. ३ लिटर टॉप-अपमधून (उडालेल्याच्या जागी ओतलेल्या पाण्यातून) ६० मिलिग्रॅम आत आला, २०० लिटरला वाटला तर दिवसाला ०.३ पीपीएम, महिन्याला ९. म्हणजे तुमच्या भरीतला जवळजवळ अर्धा वाटा एकट्या टॉप-अपचा, आणि वॉटर चेंजचं मीठ पण त्याच पाण्यात विरघळवताय, त्यामुळे आकडा ४० वर पण येत नाही, ४४ वरच अडकतो. असं निघालं तर व्हिनेगरचे पैसे आधी डीआय रेझिनवर (आरओतून सुटलेले क्षार धरणाऱ्या मण्यांवर) घाला नि तो व्हॉल्व्ह बंद करा.

दुसरं कोळंबी. ताज्या कोळंबीत साधारण २० टक्के प्रोटीन धरा, प्रोटीनच्या वजनाचा १६ टक्के भाग नायट्रोजन, त्याचा सगळा नायट्रेट झाला तर १ ग्रॅम कोळंबी म्हणजे १४० मिलिग्रॅम नायट्रेट, तुमच्या टँकमध्ये ०.७ पीपीएम. दोन क्लाउन नि एका गोबीला रोज १ ग्रॅम पण जास्त आहे. आणि खिमा केल्यावर जे गुलाबी पाणी सुटतं ते टँकमध्ये ओतू नका हो, ते माशाच्या तोंडात जातच नाही. चाळणीत धरून धुवा, ते पाणी अळवाला घाला.

एवढं करून महिनाभर थांबा. तरीही आकडा २५-३० च्या वर राहिला तर मग कार्बन डोसिंगचं बोलू.

यात होतं काय, तर बॅक्टेरियाला वाढायला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस तिन्ही लागतात. आपल्या टँकमध्ये नायट्रोजन ढिगाने, फॉस्फरस पण असतो, चणचण असते ती पटकन खाता येईल अशा सेंद्रिय कार्बनची. जीवामृत करताना शेण-गोमूत्रात गूळ का घालतात, तर जिवाणू भराभर वाढावेत म्हणून, तसाच व्हिनेगरमधला अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड किंवा व्होडकातला इथेनॉल हा टँकमधल्या बॅक्टेरियाचा गूळ. ते वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेतात, मग त्यातले बरेचसे स्किमरच्या फेसाबरोबर कपात जातात आणि आपण कप मोरीत ओततो. शिवाय लाइव्ह रॉकच्या (टँकमधल्या बॅक्टेरिया वसलेल्या सच्छिद्र दगडांच्या) आत, जिथं ऑक्सिजन पोचत नाही तिथले बॅक्टेरिया हाच कार्बन खाताना ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. म्हणजे व्हिनेगर स्वतः नायट्रेटला काहीच करत नाही. तुम्ही टँकमध्ये आणखी जीव पाळताय, त्यांना श्वास लागतो आणि त्यांना बाहेर काढायला स्किमर लागतो. स्किमर नसलेल्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, नेटवर कोणी काही म्हणो.

व्होडका की व्हिनेगर, तर व्हिनेगर. ४० टक्केवाली व्होडका ही ५ टक्के व्हिनेगरच्या साधारण आठपट जड पडते, म्हणजे सिरिंजवर एक रेघ चुकली तर व्होडकात मोठी गडबड, व्हिनेगरमध्ये किरकोळ. स्वस्त पण आहे, आणि संपच्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या) कपाटात बाटली कशाला ठेवलीय याचं घरी उत्तर द्यावं लागत नाही. फक्त बिनरंगाचं साधं पांढरं व्हिनेगर घ्या, लेबलवर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड नि पाणी एवढंच हवं, कॅरॅमल रंगवालं नको, वास घातलेलं सफाईचं तर नकोच. आपल्याकडे किराणा दुकानात मिळतं ते बहुतेक ४ टक्क्यांचं असतं, लेबल वाचून घ्या, परदेशी चार्ट ५ टक्क्यांवर बेतलेले असतात.

आता डोस. ४ टक्क्यांचं असेल तर सुरुवात १०० लिटर पाण्याला रोज १ मिली. तुमच्या टँकमध्ये दगड-वाळू वगळता खरं पाणी १७० लिटर धरा, म्हणजे पहिला आठवडा रोज दीड मिली, दुसऱ्या आठवड्यात ३, आणि मग दर आठवड्याला तेवढीच दीड-दीड वाढ, त्याहून घाई नाही. सकाळी लाइट लागल्यावर संपमध्ये जिथं पाणी जोरात फिरतं तिथं टाका, कारण अ‍ॅसिड आहे, पीएच थोडा वेळ खाली जातो आणि रात्री तो तसाही खालीच असतो. डोसिंग पंप असेल तर दिवसभरात वाटून द्या, उत्तम. पहिले दोन-तीन आठवडे बहुधा काहीही हलणार नाही आणि तुम्हाला डोस दुप्पट करायचा मोह होईल, तेव्हाच लोक फसतात. दर आठवड्याला एकाच वारी एकाच वेळी टेस्ट, वहीत आकडा. उतरायला लागला की डोस तिथंच धरून ठेवा. ५ ते १० वर आला की डोस अर्ध्यावर आणा आणि तो कायमचा चालू ठेवा. शून्य करायचं नाही, सॉफ्ट कोरल नि झोआ शून्यावर रोडावतात.

केएच (पाण्याची अल्कलिनिटी) मात्र ७ ते ८.५ मध्ये ठेवा. नायट्रेट खूप खाली आणि केएच १०-११ अशी जोडी जमली की कोरलची टोकं जळल्यासारखी पांढरी पडतात, मग लोक म्हणतात व्हिनेगरने जळलं.

पाणी दुधाळ झालं तर बॅक्टेरिया पाण्यातच फुटलेत, त्या दिवशीच डोस बंद, एअर स्टोन चालू, दोन-तीन दिवसांत निवळेल, मग आधीच्या आठवड्याच्या डोसवरून परत.

प्रश्न (चिपळूण): दोन महिने व्हिनेगर चालू आहे, डोस भरपूर वाढवला, नायट्रेट ३० वरच. फॉस्फेटचं काही टेन्शन नाही, जीएफओ (फॉस्फेट शोषणारे दाणे) रिअ‍ॅक्टर चालू असल्याने मीटरवर ०.०० येतं. काचेवर आता तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर यायला लागलाय. डोस अजून वाढवू?

उत्तर: नाही नाही, वाढवू नका, उलट अर्धा करा आणि जीएफओ काढा. तुमचं टेन्शन नेमकं फॉस्फेटच आहे, पण उलट्या बाजूने.

आल्फ्रेड रेडफील्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये दाखवलं की समुद्राच्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस मनमानी प्रमाणात नसतात, त्यांचं ठरलेलं गणित असतं, कारण तिथले जीव त्याच प्रमाणात ते अंगात घेतात. आज त्याच्या नावाने जे प्रमाण सांगतात ते कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १. आपल्या किटच्या भाषेत आणलं तर ढोबळमानाने १० पीपीएम नायट्रेटमागे १ पीपीएम फॉस्फेट. खडकाच्या आत नायट्रेटचा वायू होतो त्याला एवढा फॉस्फेट लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात नायट्रेट यापेक्षा बराच जास्त उतरतो, पण फॉस्फेट अगदीच शून्य असेल तर बॅक्टेरिया वाढणार कशावर? तुम्ही घालताय तो कार्बन, त्यांना कमी पडतोय फॉस्फरस.

काचेवरचं वर्णन डायनोसारखं (डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांसारखं) वाटतंय, ते असल्या फॉस्फेट-शून्य टँकमध्ये हमखास येतात. जीएफओ बंद करून फॉस्फेट ०.०५ च्या आसपास येऊ द्या, माशांना जरा जास्त खायला घाला, आणि मग बघा नायट्रेट हलतो का. बहुतेक हलेल. उलटी केस पण असते बरं का, म्हणजे नायट्रेट व्हिनेगरने ५ वर आला पण फॉस्फेट ०.३ वर ठाण मांडून बसलाय, तिथं जीएफओ बरोबर आहे, पण चमचा-चमचा, अख्खा डबा एकदम नाही.

प्रश्न (वेंगुर्ला): व्हिनेगराच्या जाग्यार घरची काजूची फेणी घातली तर चलात काय? ती आमच्याकडे व्हिनेगरापरास बरी गावता.

उत्तर: गावता म्हणून माशांका कित्याक? फेणीत इथेनॉल आहेच, पण प्रत्येक भट्टीची तीव्रता वेगळी, तुमच्या बाटलीत ४० आहे की ४५ की आणखी काय हे तुम्हालाच माहीत नाही, मग डोस कसला काढणार. आणि तो जो वास येतो तो अल्कोहोलचा नाही, बाकी शंभर पदार्थांचा, ते सगळे टँकमध्ये कशाला. हीच गोष्ट माडाच्या व्हिनेगरची, सोरपोतेलला झकास, टँकला नको. आणि कोणाच्या डोक्यात मेडिकलमधलं स्पिरिट आलं असेल तर ते अजिबात नाही, ते पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी काहीतरी घातलेलं असतं.

प्रश्न (श्रीवर्धन): आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल नि कधी येईल काही भरवसा नाही. मागच्या आठवड्यात रात्री सहा तास गेली, सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते, एक टँग गेला. व्हिनेगर संध्याकाळी टाकलं होतं, रोजचं २० मिली, साधारण १७० लिटर पाण्याला. व्हिनेगरमुळे गेला का?

उत्तर: एकट्या व्हिनेगरमुळे असं म्हणता येणार नाही, पण त्याचा हात आहे, आणि कोकणात राहून कार्बन डोसिंग करणाऱ्या प्रत्येकाने हे नीट समजून घ्यावं म्हणून जरा लांबण लावतो.

४ टक्क्यांच्या व्हिनेगरच्या १ मिलीमध्ये ४० मिलिग्रॅम अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. तो पूर्ण जाळायला बॅक्टेरियाला जवळपास ४३ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. तुमच्या २० मिलीला झाला साधारण ८५० मिलिग्रॅम, १७० लिटरमध्ये वाटला तर लिटरमागे ५ मिलिग्रॅम. आता समुद्राच्या पाण्यात २५ डिग्रीला ऑक्सिजन मावतोच लिटरमागे ६.७ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ३० डिग्रीला ६.२. म्हणजे बघा, ६.२ शिलकीतले ५ मागणारा खर्च तुम्ही रोज टाकताय. सगळा व्हिनेगर जळत नाही, त्यातला बराच बॅक्टेरियाच्या अंगात जातो, आणि एरवी स्किमर अक्षरशः हवा घुसळत असतो, वेव्हमेकर पृष्ठभाग हलवत असतो, त्यामुळे खर्च झालेला ऑक्सिजन लगेच भरला जातो आणि आपल्याला कळत पण नाही. लाइट गेली की भरणा बंद, खर्च चालू. त्यात रात्र, म्हणजे कोरलच्या अंगातलं शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट घेतं. टँगसारखा दमदार पोहणारा मासा सगळ्यात आधी जातो.

म्हणून पहिली गोष्ट, संध्याकाळचा डोस कायमचा बंद, सकाळी द्या. मान्सूनचे चार महिने डोस निम्मा ठेवा, नायट्रेट १५-२० झाला तरी चालेल, त्याने कोणी मरत नाही, ऑक्सिजन संपला की अर्ध्या तासात मरतं. डोसिंग पंप वापरत असाल तर तो स्किमरच्याच बोर्डावर लावा, इन्व्हर्टरवर चुकूनही नको, कारण स्किमर बंद आणि डोसर चालू ही सगळ्यात वाईट अवस्था आणि मी ती घराघरात बघतो, लोक म्हणतात डोसर किती कमी वॉट खातो म्हणून इन्व्हर्टरला जोडला. इन्व्हर्टरवर काय हवं, तर एक वेव्हमेकर तोंड वर करून नि एक एअर पंप, बस. हीटर नाही, लाइट नाही. शिवाय बॅटरीवरचा एअर पंप, तो मासळीवाले जिवंत खेकडे-कोळंबी न्यायला वापरतात तसला, मच्छीमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो, सेल काढून ठेवा नाहीतर खाऱ्या हवेने दोन महिन्यांत गंजतात.

चार तासांच्या वर लाइट गेली तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी डोस नाही. परत सुरू करताना निम्म्यापासून. आणि लाइट आल्यावर लगेच स्किमरकडे बघा, बंद असताना साचलेला माल एकदम वर येतो नि कप उतू जातो, सगळी घाण परत संपमध्ये.

तुमच्याच पट्ट्यावर ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं होतं, काही गावांत वीज परत यायला आठवडे लागले, तसल्या वेळी कुठलाच इन्व्हर्टर पुरत नाही. वादळाची सूचना आली की दोन दिवस आधीच डोस शून्य करा, खाणं थांबवा (मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात, हे तुमच्या आईला पटवणं अवघड जाईल), आणि एक वॉटर चेंज करून घ्या. तेव्हा टँकमध्ये जितके कमी बॅक्टेरिया आणि जितका कमी कचरा तितके तुमचे तास वाढतात.

प्रश्न (राजापूर): आम्ही बायोफ्लॉकमध्ये (बॅक्टेरियाचे पुंजके पाण्यातच वाढवतात त्या टाकीत) कोळंबी करतो, त्यात मळी टाकतो. तुमचं कार्बन डोसिंग म्हणजे तेच ना? मग टँकमध्ये पण मळीच टाकली तर?

उत्तर: तत्त्व तेच, तुम्ही तर आमच्या आधीपासून आणि जास्त हिमतीने करताय. पण दोन फरक आहेत आणि दोन्ही मोठे. तुम्ही मळी टाकता ती मुख्यतः अमोनिया पकडायला, कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण १० ते १५ च्या वर ठेवता म्हणजे खाद्यातून आलेला अमोनिया बॅक्टेरिया लगेच उचलतात. आमच्याकडे अमोनिया खडकातच संपलेला असतो, आम्ही त्याच्या पुढच्या टप्प्यावर म्हणजे नायट्रेटवर आहोत, आणि बॅक्टेरियाला अमोनिया जितका आवडतो तितका नायट्रेट आवडत नाही, म्हणून आमचं काम संथ. दुसरं, तुमचा फ्लॉक पाण्यातच राहतो, कोळंबी तो खाते, तेच तुमचं फुकटचं खाद्य. आमच्याकडे पाणी चहासारखं झालं तर कोरलला प्रकाश मिळणार नाही, म्हणून आम्ही स्किमरने बाहेर काढतो.

मळीत साखर असते पण सोबत लोह, पोटॅशियम, रंग सगळंच येतं, तुमच्या टाकीला चालतं, रीफला नाही. साध्या साखरेनेही डोसिंग करतात लोक, पण माझा अनुभव आहे की साखरेने आणि व्होडकाने वाळूवर लाल-जांभळी चिकट सायनो लवकर येते, व्हिनेगरने त्या मानाने कमी. तुमच्याकडची एक सवय मात्र आमच्या लोकांनी घ्यावी, ब्लोअर बंद पडला की तुम्ही रात्री दोनला उठून जनरेटर ओढता, आमचे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर विचारत बसतात.

प्रश्न (देवगड, अकरावीतली विद्यार्थिनी): समुद्रात एवढे मासे आहेत, ते घाण करतात, तिथं कोणी स्किमर लावत नाही की व्हिनेगर टाकत नाही. मग समुद्राचा नायट्रेट का वाढत नाही?

उत्तर: यावेळचा सगळ्यात भारी प्रश्न. पहिलं म्हणजे एवढ्या पाण्याला मासे फारच थोडे. आणि वरच्या उजेडातल्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती, म्हणजे फायटोप्लँक्टन, नायट्रेट आला की फस्त करतात, त्यामुळे उन्हाळ्यात किनाऱ्यापासून आत गेलीस तर आमच्या किटवर नायट्रेट दिसतच नाही. पण नायट्रेट नाहीये असं नाही. मेलेले जीव, विष्ठा सगळं खाली पडतं, तिथं कुजतं आणि खोल पाण्यात नायट्रेट साठतो, आपल्या किटच्या हिशोबात दोनेक पीपीएमपर्यंत.

मग तो खालीच का साठत बसत नाही, तर इथं आपल्या अरबी समुद्राचं नाव मोठं आहे. साधारण १५०-२०० मीटरच्या खाली अरबी समुद्रात एक जाड थर आहे ज्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. वरून पडणारा सेंद्रिय माल म्हणजे तिथल्या बॅक्टेरियाचं व्हिनेगर, श्वासाला ऑक्सिजन नाही म्हणून ते नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात, लाइव्ह रॉकच्या आत होतं तेच. खुल्या समुद्रात असं मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या जगातल्या तीन मुख्य जागा, त्यातली एक आपली, बाकीच्या दोन पॅसिफिकच्या पूर्वेला. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी यावर अनेक वर्षं काम केलंय, बारावीनंतर काय करायचं ठरलं नसेल तर तिकडे एकदा बघून ये.

पावसाळ्यात हेच कमी ऑक्सिजनचं, नायट्रेटवालं खालचं पाणी आपल्या किनाऱ्याकडे वर सरकतं, वरून नद्यांचं गाळाचं पाणी येतं, म्हणून त्या दिवसांत किनाऱ्याजवळच्या समुद्रात हिरवट, तपकिरी पाणी दिसतं.

प्रश्न (मालवण): मीठ विकत घेण्यापेक्षा समुद्राचं पाणी आणलं तर नायट्रेटचा प्रश्नच सुटेल ना? आणि लाइव्ह रॉक पण इथंच मिळतो, ओहोटीला.

उत्तर: दुसऱ्याचं आधी. नाही. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या रांगेत, मेलेला तुकडा उचलला तरी गुन्हा, आणि तुमच्याकडे तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कोरड्या सिरॅमिक रॉकमध्ये पण बॅक्टेरिया बसतात, वेळ लागतो एवढंच.

पाण्याचं म्हणाल तर ते चालतं, मी स्वतः हिवाळ्यात वापरतो आणि मिठाचे पैसे वाचतात हे खरंय. पण बंदराच्या धक्क्यावरून नाही, खाडीच्या तोंडाशी नाही, होडीवाल्या मित्राला सांगून आतलं, भरतीचं, निवळ पाणी. आणून दोन दिवस काळोखात झाकून ठेवायचं, फिल्टर सॉकमधून गाळायचं, खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने ३५ वर आहे का बघायचं, आणि टँकमध्ये जायच्या आधी त्याचा पण नायट्रेट-फॉस्फेट तपासायचा. जूनपासून दिवाळीपर्यंत आणूच नका, वर त्या मुलीला सांगितलंय तेच कारण, शिवाय गोड्या पाण्याने खारटपणा २५ वर पण घसरलेला असतो. तेवढे महिने मिठाची एक बादली घरात ठेवा, हवाबंद, कोकणातल्या पावसाळी हवेत उघडी राहिली तर त्याचा दगड होतो आणि मग तो फोडायला कोयता लागतो.